सगळं आदामानं केलं

आमच्या शेजारच्या शमुवेलकाकांच्या दुधाची पिशवी फुटली, की ते आभाळाकडं बघून ओरडतात, "आदामा, भल्या माणसा, काय करून ठेवलंस रं!"

मी नांदेडला नवीन राहायला आले तेव्हा मला वाटलं, आदाम म्हणजे महापालिकेचा कुणी नळवाला असेल. कारण नळाला पाणी आलं नाही तरी त्याचाच उद्धार. लाईट गेली, आदाम. गुडघा दुखला, आदाम.

शेवटी विचारलंच. काका खूश झाले.

"ताई, पयला माणूस त्यो. देवानं सांगितलं, बागेतलं तेवढं झाड सोडून काय बी खा. ह्यानं तेच खाल्लं. तवापासून पाप आपल्या रक्तात हाय. आमी भोगून राहिलो!"

आतून मार्थाकाकू म्हणाल्या, "तुमच्या रक्तात साखर हाय. त्या जिलेब्या ठेवा खाली."

गल्लीतला एकजण एकदा हसत म्हणाला, "पण काका, आधी बाईनंच खाल्लं म्हणं?" काका असे उसळले! "आन् त्यो काय करून राहिला व्हता? शेजारीच हुबा व्हता की! खाल्लं सोताच्या तोंडानं आन् नाव बायकोचं!"

गेल्या वर्षापासून मार्थाकाकू विसरायला लागल्या. भाजीत दोनदा मीठ, कुकरात पाणीच नाही. काका निमूट जेवत. गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी त्या कोथिंबीर आणायला गेल्या, त्या परतल्याच नाहीत. काका आणि मी मंडई पालथी घातली, मग स्टँड गाठलं. हदगावच्या गाडीत खिडकीशी बसल्या होत्या, पातळ साडीत कुडकुडत.

"माहेरी निघाले," म्हणाल्या. हदगावात त्यांचं आता कुणीच नाही.

काका शेजारी बसले. अंगातला स्वेटर काढून त्यांना घातला आणि गळ्यापर्यंत बटणं लावली.

"चुकलं का माजं?" काकूंनी हळूच विचारलं.

"न्हाई गं. देवानं आदामाला आन् त्याच्या बायकोला बागेतून काढलं ना, तवा बी आधी अंगावर घालायला दिलं व्हतं."

मी म्हटलं, "काका, रिक्षा बोलावू?"

तेवढ्यात कंडक्टर आला. काकांनी काकूंच्या तोंडाकडं बघितलं. माहेरच्या आनंदानं ते नुसतं फुललं होतं.

"हदगाव, दोन द्या," काका म्हणाले. मग माझ्याकडं वळले, "ताई, घराला तेवढी कडी लावा."