बटणचं बिऱ्हाड

उंदीर मारायचा नाही, असं आमच्या घरात एकमतानं ठरलं. एकमतानं म्हणजे मुलांनी ठरवलं, आणि मला मारणं जमणारच नव्हतं. (उंदीर दिसला की मी खुर्चीवर चढतो. वरून नीट दिसतो म्हणून चढतो, असं मी मुलांना सांगून ठेवलंय.)

बायकोचं गाऱ्हाणं मात्र खरं होतं. त्या उंदरानं आधी पडदा कुरतडला, मग अंगाचा साबण खाल्ला आणि शेवटी तिच्या नव्या चपलेचा पट्टा.

"रविवारपर्यंत हा घराबाहेर गेला पाहिजे," ती म्हणाली. "नाहीतर मी मुलांना घेऊन आईकडे जाते. मग तुम्ही आणि तो बसा समोरासमोर जेवायला."

माझी बायको धमकी देत नाही, पुढचा कार्यक्रम सांगते. मी त्याच दिवशी पिंजरा आणला.

शुक्रवारी सकाळी उंदीर सापडला आणि दुपारपर्यंत त्याचं बारसंही झालं. डोळे बटणासारखे, म्हणून थोरलीनं त्याचं नाव 'बटण' ठेवलं. आता बटणला कुठं सोडायचं? मी म्हटलं, रविवारी रानात नेऊन सोडू, आणि एवढं जायचंच आहे तर डबा घेऊन सहलही करू. एका दगडात दोन पक्षी. (असे बेत मला सुचतात तेव्हा कुणीतरी मला थांबवायला हवं.)

बसमध्ये मी पिंजऱ्यावर टॉवेल टाकला होता. शेजारच्या बाईंनी कौतुकानं विचारलं, "पोपट आहे का?"

"उंदीर," धाकटा म्हणाला. तो चार वर्षांचा आहे आणि अजून खरं बोलतो. त्यानंतर आम्हा चौघांना बसायला ऐसपैस जागा मिळाली.

रानात पोचल्यावर मी लांब काठीनं पिंजऱ्याचं दार उघडलं. धाकट्यानं निरोपाचं बिस्किट ठेवलं. बटणनं बिस्किटाकडे ढुंकूनही पाहिलं नाही, मिशा हलवल्या आणि झुडपात पसार झाला. मला इतकं हलकं वाटलं की मी चक्क शीळ घातली. झाडाखाली चटई अंथरली, डबा उघडला.

"बाबा," थोरली म्हणाली, "बटणची बायको-मुलं कुठं आहेत?"

"असतील इथंच कुठंतरी."

"इथं कशी असतील? तो तर आपल्या घरी राहायचा."

मी बायकोकडे पाहिलं. ती एकाएकी झाडाचा शेंडा न्याहाळायला लागली होती.

"म्हणजे ती घरी त्याची वाट बघतायत," थोरली म्हणाली, "आणि आपण त्याला इथं टाकून चाललोय."

हे ऐकून धाकट्यानं भोकाड पसरलं. थोरलीनं मांडी ठोकली. बटण आल्याशिवाय ती घरी येणार नव्हती. (हा हट्ट कुठून आला, ते मी मनातल्या मनात म्हटलं.)

"तो पुन्हा घरात आला तर मी काय करीन, ते सांगितलंय," बायको हळूच म्हणाली.

इकडे आड, तिकडे विहीर. पण मला युक्ती सुचली. पिंजऱ्यात बिस्किट लावून तो झुडपात ठेवायचा, तासभर वाट बघायची आणि 'बटणला इथंच आवडलं' म्हणून निघायचं. सुटलेला उंदीर पुन्हा पिंजऱ्यात येतोय कशाला? मी ही युक्ती बायकोच्या कानात सांगितली. "हुशार आहात," ती म्हणाली. लग्नानंतर ती हे प्रथमच म्हणत होती. मी तिथंच सावध व्हायला हवं होतं.

आमचं जेवण आटपायच्या आत झुडपात खट्ट झालं.

"आला! बटण आला!" दोन्ही मुलं नाचायला लागली. खोटं कशाला सांगू, त्या मुक्या जिवाची माया बघून क्षणभर माझेही डोळे पाणावले. मग मी बायकोकडे पाहिलं आणि ते लगेच कोरडे झाले.

इथं माझी नोकरी सांगायला हवी. बस डेपोत हरवलेल्या सामानाची खिडकी असते ना, तिथं मी बसतो. साधी छत्री असली तरी ओळखीची खूण विचारल्याशिवाय मी कुणाला देत नाही. या बाबतीत माझा लौकिक आहे. आणि त्या दिवशी मी एक अख्खा उंदीर, कसलीही खूण न बघता, ताब्यात घेतला.

परतीच्या बसमध्ये बायको खिडकीबाहेर बघत होती, मी पिंजऱ्याकडे बघत होतो आणि उंदीर माझ्याकडे.

घरी आल्यावर थोरली पिंजऱ्यापुढे उकिडवी बसली. बराच वेळ बसली.

"बाबा, बटणची शेपटी लांब होती. आणि याचं पोट पांढरं आहे. हा बटण नाही."

तेवढ्यात स्वयंपाकघरात ओट्याखाली खुडबुड झाली, आणि एकाची नाही, चांगली तीन-चार जणांची झाली. बटणला बिऱ्हाड होतं, हे सिद्ध झालं. (मी ते खुर्चीवरून ऐकलं.)

"म्हणजे बटण तिकडे एकटा," थोरली म्हणाली, "आणि याची बायको-मुलं रानात." धाकट्यानं पुन्हा सूर लावला.

बायको आत गेली आणि बॅग घेऊन आली. ती खरंच निघाली, मुलांना घेऊन निघाली, आणि एवढ्या घरात मी आता उंदरांबरोबर एकटा राहणार. मी खुर्चीवरून उतरलो.

"अगं, जाऊ नकोस. पुढच्या रविवारी याला सोडतो. बटणलाही शोधून आणतो. पण तू जाऊ नकोस."

"मी कुठं जातेय? तुमचे शर्ट भरलेत यात," ती म्हणाली. "याला घेऊन उद्याच रानात जा, आणि बटण सापडेपर्यंत तिथंच राहा."

थोरलीनं जरा विचार केला. "आई, मग बाबाची बायको-मुलं?"

"ती इथं मजेत राहतील."

मी मोठ्या आशेनं मुलांकडे पाहिलं. थोरलीला ते पटलेलं दिसत होतं. आणि दोन उंदरांसाठी दिवसभर गळा काढणारा माझा मुलगा रडायचा थांबून शांतपणे बिस्किट खात होता.