डबा रिकामा परतला त्याची हकिकत

डबा भरणारे आणि डबा खाणारे, उभय पक्षांचे सेवेसी ही हकिकत सादर केली आहे. घडले त्यात कमी केले नाही. वाढविले असेल ते चवीपुरते.

तरी राजमान्य घरधनी, सामान हलविणाऱ्या टोळीतील पिछाडीचे, म्हणजे जिन्यात ओझ्याचे खालचे टोक धरणारे, खासे वीर, ज्यांनी आजवर कपाटे, पलंग, धुण्याची यंत्रे आणि एके प्रसंगी अख्खा पियानो जिन्यावरून उतरविला आणि भिंतीस ओरखडा म्हणून लागू दिला नाही, त्यांचे रक्तात साखरेने गुपचूप ठाणे दिले. ही खबर डॉक्टरीणबाईसाहेबांनी जाहीर केली तेव्हा घरधनी "बरं" इतकेच बोलिले, आणि दाराबाहेर येऊन चपला उलट्या पायांत घातल्या. त्यावरून गृहस्वामिनींनी काय ते ओळखिले.

मग फर्मान जाहले की रोज सकाळी सुई टोचावी आणि त्याउपरी अन्न वेळेवर पोटी जावे. सुई गेली आणि अन्न न गेले तर साखर एकाएकी रसातळास जाते, मनुष्य घामाघूम होतो, थरथरतो आणि उभ्याउभ्या कोसळतो. आणि जो मनुष्य जिन्यावर कपाटाखाली उभा आहे त्याने कोसळणे कोणासच परवडणारे नाही, कपाटासही नाही. सबब डब्याची मोहीम मुक्रर जाहली.

पहिली स्वारी मातोश्री सासूबाईसाहेबांचे मसलतीने निघाली. "ओझी वाहतो माझा लेक, कारकुनी करत नाही. भात भर दाबून," ऐसा हुकूम सुटला, आणि गृहस्वामिनींनी डब्यात भाताचा बुरूज रचिला, आणि वर बटाट्यांची शिबंदी बसविली. मग दुपारी साखर चौखूर उधळली, घरधन्यांस तहान लागली ती पाण्याने भागेना, डोळे जड जाहले, आणि ते एका परक्या घरातील फ्रिजला टेकून उभेच निद्रिस्त जाहले. फ्रिज उतरवायचा होता, सबब लोकांनी त्यांस उठविले. ही पहिली शिकस्त.

दुसरे स्वारीत गृहस्वामिनी जातीने पुढे जाहल्या. भयाने त्यांची मती गेली होती. भात बडतर्फ, बटाटा हद्दपार, आणि डब्यात काकडी, कोबी आणि पालेभाजी येवढीच फौज रवाना केली. मातोश्रींनी झाकण उचलून पाहिले आणि म्हणाल्या, "बकरी बांधली असती तर तिनंही वर काही मागितलं असतं गं." ते दिवशी साखर घसरून घरधन्यांचे हात लटलट कापले आणि कोणाचे आरशाचा कोपऱ्यात टवका उडाला. आरशाचे दुःख कोणी केले नाही. हात कापले ते गृहस्वामिनींचे जिवास लागले.

मग गृहस्वामिनी धाकट्या सरकारांस, म्हणजे वर्षाचे कन्यारत्नास, कडेवर घेऊन दवाखान्याचे दरबारी जातीने हजर जाहल्या. तेथे डॉक्टरीणबाईसाहेबांनी कानउघाडणी केली. "कष्टाचं शरीर आहे. उपाशी मारू नका आणि एकदम कोंबूही नका. थोडं थोडं, दर थोड्या वेळानं, दाणे-डाळी-अंडी असं. आणि खिशात साखरेचे खडे." साखर शत्रू, आणि तीच खिशात, हे काय, ऐसे गृहस्वामिनींनी पुसिले. तेव्हा उलगडा जाहला की शत्रूचे दोन-चार इसम ओलीस धरून ठेवावे, आणि साखर खाली घसरून जिवावर बेतले तर तेवढ्यापुरते मोकळे सोडावे.

तिसरे स्वारीची तयारी बहुत शर्थीची जाहली. धाकटे सरकार एका कडेवर, कान ओढण्याचे कामी मशगूल, आणि गृहस्वामिनींचा एकच हात मोकळा; त्या एका हाताने हरभरे उपसले, अंडी सोलली, कोंड्यासकट पिठाचा पाव कापिला, दही भरिले आणि शेंगदाण्यांची पुडी बांधली. ओलीस साखरेची रवानगी सदऱ्याचे खिशात जाहली. ऐसा बंदोबस्त असता सायंकाळी डबा निम्मा परतला. दुसरे दिवशीही निम्मा.

येथे मजकूर लिहिणे अगत्याचे की घरधनी पिशवी जमिनीवर ठेवीत, तिचा आवाज गृहस्वामिनी स्वयंपाकघरातून ऐकत. भरला डबा धप वाजे, आणि त्या आवाजासरशी त्यांचे काळजातही तसेच वाजे. धाकट्या सरकारांचाही ऐवज अडकला होता, कारण रिकामा डबा बडवावयास मिळावा ऐसा त्यांचा हक्क, आणि निम्मा डबा हाती दिल्यास हरभऱ्यांनी फरशी भरे. कारण पुसता घरधनी म्हणत, "भूक नव्हती." किंवा म्हणत, "काम होतं." डोळे मात्र भिंतीकडे.

खरे कारण ऐसे होते. टोळीचा जुना दंडक, की मोठा नग उतरल्याखेरीज कोणी डबा सोडू नये. पोट भरले की कंबर जड होते, ऐसे मुकादमांचे मत, आणि मुकादमांचे मत म्हणजे टोळीचा कायदा. मोठा नग उतरेतो दुपार कलंडे, मग घाईत दोन घास. आणि घरधन्यांनी आजाराची बातमी टोळीस लागू दिली नव्हती. कळले तर पिछाडी जाईल, खाली दोऱ्या वळत बसवतील, हे भय. ते भय त्यांनी घरीही सांगितले नाही, कारण सांगावे तर गृहस्वामिनी मुकादमांवर चाल करून जातील, हेही भय.

मग तो बाका दिवस उगवला. चार मजल्यांचे घर, लिफ्ट बंद, आणि मोठा नग म्हणजे शिसवी कपाट, तीन दारांचे. घरधन्यांनी डब्याची पिशवी मालकिणीचे स्वयंपाकघरात ओट्यावर ठेविली. टोळीतील खोकी भरणारा गडी मोठा इमानी. ओट्यावर दिसले ते खोक्यात घालावे हा त्याचा धर्म, आणि त्याने पिशवी कागदात गुंडाळून, पट्टी मारून, वर "स्वयंपाकघर" लिहून ट्रकात चढविली.

कपाट तिसऱ्या मजल्यावर आले, आणि घरधन्यांचे मानेवरून घाम वाहू लागला, आणि पायऱ्या पाण्यातल्यासारख्या हलू लागल्या.

"मुकादम, टेका."

"आत्ता? तीन जिने राहिलेत."

"टेका म्हणतो ना. नाहीतर मीच टेकतोय."

कपाट वळणावर टेकले. घरधन्यांनी खिशातील ओलीस मोकळे केले आणि तोंडात टाकिले. मुकादम वरच्या पायरीवरून पाहत राहिले.

"घोड्यासारखी साखर काय खातोस?"

"शुगर आहे मला."

"शुगर आहे, मग साखर का खातोस, बाबा?"

तेव्हा घरधन्यांनी जिन्यात बसून, श्वास घेत घेत, सारे सांगितले.  मग मुकादमांनी इतकेच पुसिले की डबा कोठे आहे, आणि डबा कोठे आहे हे इमानी गड्याचे चेहऱ्यावरून सर्वांस कळले.

त्या टोळीचे इतिहासात भरला ट्रक ठिकाणी पोहोचण्यापूर्वी कोणी उतरविला नव्हता. तो त्या दिवशी उतरविला. भर रस्त्यावर खोक्यांच्या राशी लागल्या, घराची मालकीण दारात येऊन पाहू लागली की आपले घर जाते की परत येते, आणि "स्वयंपाकघर" ऐसे लिहिलेली बहुत खोकी फुटली, आणि कढया, चमचे, कपबशा निघाल्या, आणि अखेर पिशवी निघाली. घरधनी ट्रकाचे फळीवर बसून जेवले. कपाट जिन्यातच उभे होते. थांबले.

सायंकाळी मुकादम खासा घरधन्यांस घेऊन दारी आले. गृहस्वामिनींचे काळजात आले ते त्यांनी पदराआड ठेविले आणि पाणी दिले.

"वहिनी, डब्यात काय भरायचं ते तुमचं राज्य. तो उघडायचा केव्हा, ते आजपासून माझं."

"आणि पिछाडी?" हे घरधन्यांनी पुसिले, जमिनीकडे पाहत.

"तुझ्याशिवाय धरतो कोण? मी? माझी कंबर पाहिलीस का?"

येणेप्रमाणे तह जाहला. मातोश्रींनी डोळे टिपले आणि हे कांद्याचे म्हणून सांगितले. कांदा त्या वेळी घरात नव्हता.

दुसरे दिवशी गृहस्वामिनींनी एका डब्याचे लहान डबे केले, एक कमरेच्या पट्ट्यास, बाकीचे पिशवीत. आणि मुकादमांनी खोक्यांवर लिहावयाची जाड लेखणी काढून पिशवीतील सर्वांत मोठ्या डब्याचे झाकणावर आपले अक्षराने लिहिले, जे ते परक्यांचे निकडीचे खोक्यावर लिहीत: "सर्वांआधी उघडणे."

त्या सायंकाळी पिशवी जमिनीस टेकली. आवाज खण जाहला. गृहस्वामिनींनी हातातील पळी तशीच धरून तो ऐकिला, आणि मग पुन्हा एकदा ऐकावा म्हणून पिशवी उचलून ठेविली. मग डबा धाकट्या सरकारांचे हवाली केला, चमच्यासह, आणि त्यांनी फरशीवर फतकल घालून नौबत झडविली ती शेजारचे घरापर्यंत गेली. घरधनी तेथेच भिंतीस टेकून बसले, जागे.

फत्ते जाहली. डबा रिकामा आला. नोंद केली असे.