दृश्यता उपसमितीचा अहवाल

निगडीच्या आमच्या महाविद्यालयात मूल्यांकन समिती येणार, असे परिपत्रक निघाले आणि त्याच दिवशी रसायनशास्त्र विभागात संशोधन फारच कमी असल्याचे उघडकीस आले.

डॉ. सुमेधा यांनी सहा वर्षे खपून क्षयरोगावर एक नवे औषध तयार केले होते. नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणाऱ्या क्षयावरचे. एकूण साठा चिमूटभर पांढरी पूड. ती सोमवारी चाचणीला जायची होती. पुन्हा बनवायची तर दीड वर्ष लागणार होते.

प्राचार्य गुरुदत्त यांनी बाटली उजेडात धरली.

"मॅडम, एवढंच? समितीला संशोधन दिसलं पाहिजे हो."

"सर, ते दिसायला नाही, रोग्याला लागू पडायला केलंय."

"निदान रंग तरी द्या. पांढरा काय, खायचा सोडाही असतो."

बाईंनी साफ नकार दिला. दुपारी 'दृश्यता उपसमिती' स्थापन झाली. अक्षर चांगले म्हणून सचिव मी. शुक्रवारी बाईंना आळंदीच्या एका शाळेत 'वैज्ञानिक दृष्टिकोन' या विषयावर बोलायला पाठवले. नुसत्या दिसण्यावर विश्वास ठेवू नका, असे त्यांनी मुलांना सांगितले. मुलांनी टाळ्या वाजवल्या म्हणे.

परत आल्या तर टेबलावर पाच लिटरची काचेची बरणी, आत निळेशार पाणी, शेजारी फुलदाणी.

"उद्धवराव, माझं औषध कुठंय?"

विभागाचे जुने शिपाई उद्धवराव मान खाली घालून म्हणाले, "त्यातच हाय, म्याडम. मोरचूद टाकून ढवळलं. आमी न्हाई म्हनलो, पर लेखी आदेश व्हता."

आदेश माझ्याच अक्षरात होता. बाई स्टुलावर बसून रडल्या. मला वाईट वाटले, पण तशी नोंद करण्यासाठी रकाना नव्हता.

"अहो, चिमूटभराचं पाच लिटर केलं," प्राचार्यांनी समजूत काढली, "आणि तुम्ही रडताय?"

समितीने बरणीसोबत फोटो काढले, 'संशोधनात भरीव वाढ' असा शेरा दिला आणि आम्हाला सर्वोच्च श्रेणी मिळाली. सोमवारी चाचणीवाल्यांनी नमुना मागितला, तेव्हा आम्ही त्यांना फोटो पाठवला.

तोच फोटो यंदा माहितीपत्रकावर आहे. प्रवेशाची रांग पार बस टर्मिनसपर्यंत गेली होती. तुम्हीही होतात रांगेत, लेकीसाठी. "काय सुसज्ज प्रयोगशाळा आहे!" असे मला म्हणालात आणि बोलता बोलता खोकल्याची उबळ आली. दोन महिने झाले, म्हणालात. गोळ्या लागूच पडत नाहीत.