सारीबुलाकचे न हरलेले बॉक्सर

थांबायचं कधी, हे माणसाला स्वतःला कळत नाही. म्हणून ते कळण्याची जबाबदारी शेवटी गावाला उचलावी लागते. आमच्या सारीबुलाकने बॉक्सरांच्या बाबतीत ती उचलली आणि तिची गोड फळं आज साऱ्या जिल्ह्याला दिसत आहेत. मी निरोप-सत्कार समितीचा कार्यवाह असल्यामुळे हे अगदी निःपक्षपातीपणे सांगू शकतो.

पूर्वी आमचे बॉक्सर पस्तिशीपर्यंत मार खायचे. मग निरोपाची मेजवानी व्हायची तेव्हा नाक एकीकडे, कान दुसरीकडे आणि मांस चावायला दात नाहीत. (फोटोवाला वैतागायचा.) त्यातून शेवटची लढत बहुधा हरलेली. हरलेल्या माणसाच्या खांद्यावर सोनेरी कशिद्याचा चापान घालताना वडीलधाऱ्यांनाही कानकोंडं व्हायचं. हा मानाचा अंगरखा एकदा खांद्यावर पडला की बॉक्सिंग संपलं. त्याची शिवणच अशी की हात खांद्याच्या वर जात नाही. (शिंप्याने हे मुद्दाम केलेलं नाही. निदान त्याला तसं लेखी कळवलेलं नाही.)

समितीने साधकबाधक विचार करून निवृत्तीचं वय तिशीवर आणलं, मग सव्विशीवर. एका होतकरू मुलाला तर आम्ही पहिल्या लढतीआधीच, वजनकाट्याकडे निघालेला असताना, सन्मानाने निवृत्त केलं. परिणाम असा की गेल्या सहा वर्षांत सारीबुलाकचा एकही बॉक्सर हरलेला नाही. शेजारच्या गावाचे अजून हरतात. अधूनमधून पदकंही आणतात, पण तो भाग वेगळा.

आता बेकझातविषयी. या मुलाने वसंतात प्रांताची स्पर्धा जिंकली आणि राष्ट्रीय संघाच्या निवडीसाठी त्याला अल्माटीचं बोलावणं आलं. लहानपणापासून त्याला हेच हवं होतं, दुसरं काही नाही. जाण्याआधी आजीचा आशीर्वाद घ्यावा म्हणून तो घरी यायला निघाला आणि बसथांब्यावरून त्याने फोन केला, "आपा, मी आता थांबलोय." पुढे फोन कटला.

या आजीने, बातेश आपाने, त्याला एकटीने वाढवलं. त्याची एकही लढत तिने डोळ्यांवरचा हात काढून पाहिलेली नाही. हे वाक्य ऐकायला ती कित्येक वर्षं टपून बसली होती. तिने आनंदाने रडत मला कळवलं आणि समितीने आपल्या कीर्तीला साजेशी चपळाई दाखवली. बस नेहमीप्रमाणे उशिरा आली. तोवर अंगणात मांडव उभा होता, लांबलांबचे पाहुणे जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानाभोवती बसले होते आणि आपाच्या दारातली एकुलती एक तांबूस घोडी कढईत शिजत होती.

"कोणाचं लग्न आहे, आगा?" बेकझातने मला विचारलं.

"लग्न कुठलं, तुझाच निरोप," मी म्हणालो. "थांबलास ना तू?"

"बससाठी थांबलो होतो."

असा पेच समितीपुढे पूर्वी आला नव्हता. चुलत्यामामांची तातडीची बैठक झाली. शब्द समजण्यात चूक झाली हे सर्वांना मान्य झालं, पण घोडी कापण्यात कोणतीही चूक झालेली नव्हती. कापलेली घोडी काही परत उभी राहत नाही. मुलाला आत्ता जाऊ द्यावं, आल्यावर निवृत्त करावं, असं कोणीतरी सुचवलं. तेव्हा दुसरी घोडी कोण देणार, असं विचारताच सगळे आपापल्या वाडग्यात बघू लागले. इतक्यात त्याचे प्रशिक्षक ओराझ आगा उभे राहिले. (यांना आम्हीच सव्विशीत निवृत्त केलं. नाक अजून सरळ आहे.)

"पोराला एकदा तरी हरू द्या रे," ते म्हणाले.

घोडीच्या दुधाची अंबवलेली कुमिस कधीकधी डोक्यात चढते. आम्ही त्यांना समजूत घालून बसवलं.

बेकझात आजीकडे गेला. तिला एव्हाना सगळं कळलं होतं. हातात झारा धरून ती कढईपाशी बसली होती.

"जा तू," ती हळूच म्हणाली. "मी सांगेन, म्हातारीला नीट ऐकू येत नाही म्हणून."

त्याने अंगणातल्या रिकाम्या खुंटाकडे पाहिलं.

"सगळे तुलाच हसतील, आपा. आणि घोडीही तुझीच गेली. आता कुठे जाऊ?"

मग तो मांडवात आला आणि त्याने चापानासाठी खांदे वाकवले. मला वाईट वाटलं, हे मी इथे नमूद करतो. मांस मात्र लोण्यासारखं शिजलं होतं.

बायकांनी त्याच्यावर गोळ्या-मिठाई उधळली, वडीलधाऱ्यांनी तळवे पसरून आशीर्वाद दिला, आणि उरलेलं अन्न प्रसादासारखं पिशव्यांत भरून जो तो घरी गेला. मुख्य आसनावर बेकझातच्या मुठी लांब बाह्यांच्या आत सारख्या वळत होत्या. सत्कारमूर्ती भारावून गेले होते, असं मी अहवालात लिहिलं आहे.

हल्ली तो प्रत्येक समारंभाला पहिल्या रांगेत असतो. अजिंक्य आहे. आपा मात्र आता फोन उचलत नाही.

वाचकहो, तुम्ही सुज्ञ आहात. तुम्हालाही कधीतरी काहीतरी बरं जमत होतं, आणि तुम्ही वेळेवर थांबलात म्हणून घरच्यादारच्यांनी तोंडभर कौतुक केलं असेल. आपल्या अंगावर कुठलाच चापान नाही, असं तुम्हाला वाटत असेल, तर उजवा हात जरा खांद्याच्या वर नेऊन बघा.