सिंहमहाराजांनी कमी केलेलं अंतर

एका जंगलात, बाळांनो, एक सिंह राज्य करायचा. राज्य करायचा म्हणजे जेवायचा, झोपायचा आणि मधूनमधून भाषण ठोकायचा. मांडी घालून बसा. गोष्ट लहान आहे आणि मला आधीच संताप आलेला आहे.

राज्य लांबलचक होतं. एका टोकाला चिंचबन, दुसऱ्या टोकाला जांभूळबन. दोन्हीकडे एकेक विमानतळ. विमान म्हणजे वेताची मोठी टोपली. ती गिधाडं उचलून न्यायची. सकाळी चिंचबनातून निघालं की दुपारच्या जेवणाला जांभूळबनात. सगळं सुरळीत होतं, म्हणूनच ते महाराजांना खुपलं.

"शेजारच्या वाघाचं विमान म्हणे तासात पोचतं," ते विमानमंत्र्याला म्हणाले. "आपलं अर्धा दिवस खातं. लाज वाटते मला."

विमानमंत्री होता सरडा. त्याला उडता येत नव्हतं, म्हणून तर ते खातं मिळालं होतं. तो मान हलवत म्हणाला, "गिधाडं आता वेगात उडायची नाहीत, महाराज. म्हातारी झालीत. आपण विमानतळच सरकवू. हा तिकडे, तो इकडे. अंतर कमी, वेळ कमी."

"प्रजेला चालेल?"

"चालेल की. प्रजा चालेलच."

झालं. विमानतळ सरकू लागले. दर सणाला थोडे थोडे. दर वेळी हारतुरे, दर वेळी भाषण. शेवटी दोन्ही विमानतळ राज्याच्या मधोमध येऊन खेटले. मध्ये उरली एक करवंदाची जाळी.

इकडे चिंचबनात यमुनाकाकू नावाची साळिंदरीण राहायची. तिची मुलगी मंजू जांभूळबनात दिलेली. एक दिवस कावळा निरोप घेऊन आला. मंजूचे दिवस भरत आलेत, प्रकृती नाजूक आहे, आईला बोलावतेय.

काकूंनी डिंकाचे लाडू बांधले आणि विमान पकडायला निघाल्या. चालल्या, चालल्या, पायांना फोड येईपर्यंत चालल्या. अर्धं राज्य तुडवल्यावर विमानतळ आला.

दारावरच्या माकडाने त्यांना टोपलीत बसवलं. "डोळे मिटा, काकू. आता उघडा. पोचलात."

काकूंनी मागे पाहिलं. जाळीपलीकडे त्यांचीच पावलं दिसत होती. "मेल्या, हे तर मी जाळीला वळसा घालून आले असते."

"तसं चालत नाही," माकड म्हणालं.

मग काकू उरलेलं अर्धं राज्य चालल्या.

जांभूळबनात जावई दारातच बसला होता. मांडीवर पिल्लू.

"काल गेली ती," तो म्हणाला. "शेवटपर्यंत धीराने होती. म्हणत होती, आई विमानाने निघालीय ना, मग पोचेलच एवढ्यात."

काकू तिथेच खाली बसल्या. लाडवांचं गाठोडं हातातच राहिलं.

त्याच दिवशी सरड्याने दरबारात सांगितलं की, आपल्या विमानाने चिंचबनातल्या एका म्हातारीला पापणी लवायच्या आत लेकीच्या गावी नेलं. महाराजांनी शेपटी आपटून दाद दिली.

तात्पर्य: दूरची गावं जवळ आणायची असतील, तर विमानतळ जवळ आणावेत. माणसं लांब राहिली तरी चालतात.