फक्त तुमच्यासाठी

मोटारीच्या बटणावर बोट ठेवून बद्रीनाथ नळाच्या सुस्काऱ्याची वाट पाहत उभे होते. वारज्याच्या त्या गल्लीत पाणी यायच्या आधी नळ सुस्कारा टाकत असे. तो ऐकू आला की घरोघरी थेट नळालाच जोडलेल्या मोटारी घरघरू लागत. ज्याची मोटार दांडगी त्याच्याकडे पाणी, बाकीच्यांकडे नुसती हवा. त्यामुळे दर उन्हाळ्यात कोणीतरी शेजाऱ्यापेक्षा मोठी मोटार आणी, पुढच्या उन्हाळ्यात शेजारी त्याहून मोठी आणी, आणि पाणी होतं तेवढंच राही.

विमा कंपनीतून निवृत्त झालेल्या बद्रीनाथांना यात काही वावगं वाटत नसे. पालिकेची निवडणूक तोंडावर आली होती आणि त्यांचा सिद्धान्त ते फाटकाशी उभं राहून कोणालाही ऐकवत. "मत म्हणजे व्यवहार. माझ्या दाराला काय मिळणार ते सांगा. देशाचं बघायला देश आहे." उमेदवार उत्तरेश्वरभाऊंनी त्यांना बाजूला घेऊन कानात सांगितलं होतं, "काका, जाड पाइपाची वेगळी जोडणी देतो. फक्त तुमच्यासाठी हं, बोलू नका कुठे." बद्रीनाथ बोलले नव्हते.

जोडणी मिळेल तेव्हा मिळेल, पण आज मुलीला, रुपालीला, बघायला बिबवेवाडीची मंडळी येणार होती आणि घरात तांब्याभर पाणी नव्हतं. म्हणून कालच त्यांनी नवी मोटार बसवून घेतली होती. ती शेतावरच्या विहिरीसाठी असते, असं दुकानदार म्हणाला होता. बद्रीनाथांना ते कौतुक वाटलं.

नळाने सुस्कारा टाकला. बद्रीनाथांनी बटण दाबलं.

कोपऱ्यावरच्या विजेच्या डीपीत फाडकन आवाज झाला, निळी ठिणगी उडाली आणि अख्ख्या गल्लीतल्या मोटारी एका दमात गप्प झाल्या.

"झालं समाधान?" त्यांची बायको सुशीलाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "आता पाहुण्यांना सांगा, मुलगी छान आहे, हात मात्र घरून धुऊन या."

"अगं, मी फक्त बटण..."

"तेच म्हणते मी. आयुष्यभर काही केलं नाहीत, आज बटण दाबलंत."

बद्रीनाथ तोंड लपवायला अंगणात आले आणि थबकले. नळातून मनगटाएवढी धार पडत होती. मोटार नाही, वीज नाही, धार मात्र चालू. शेजारच्या दत्तप्रसादच्या नळालाही तशीच. समोरच्या शरच्चंद्रांच्या नळालाही. आणि गल्लीच्या टोकाकडून सुंदराबाई पदर खोचून धावत येत होत्या. त्यांचं घर शेवटचं. लाइन टाकल्यापासून त्यांच्या नळाने सुस्कारे तेवढे टाकले होते; पाणी मात्र त्या दारोदार मागून नेत.

"आवो, माज्या नळाला पानी आलंय!" त्या धापा टाकत म्हणाल्या. "म्या नळ उघडाच ठिवला व्हता, निस्ता सवयीनं. घरात तळं झालंय! हे केलं कुनी?"

सगळ्यांनी डीपीकडे पाहिलं, मग डीपीतून बद्रीनाथांच्या घरात गेलेल्या, अजून धूर निघणाऱ्या वायरीकडे.

"काका," दत्तप्रसाद म्हणाला. तो आयटीत होता, त्याला प्रत्येक गोष्टीत योजना दिसे. "तुम्ही मुद्दाम सप्लाय उडवलात! सगळ्या मोटारी एकदम बंद केल्या तर काय होतं, हे प्रूव्ह करायला. ब्रिलियंट!"

बद्रीनाथांनी तोंड उघडलं. पण सुंदराबाई त्यांच्याकडे अशा काही बघत होत्या की त्यांनी ते मिटलं.

पाहुणे आले, हात धुऊन जेवले, जुळलंसुद्धा. त्याच संध्याकाळी गल्लीने ठराव केला. पाण्याच्या वेळेत कोणी मोटार लावायची नाही. लावली तर त्याने आपल्या ओट्यावर सगळ्या गल्लीला चहा पाजायचा, आणि पिणाऱ्याने आपापला कप विसळायचा. पहारा अर्थातच बद्रीनाथांकडे आला. ते रोज पहाटे कान टवकारून गल्लीतून फिरू लागले. कोणी कौतुक केलं की चिडत. "समाजसेवा नाही ही. माझी टाकी भरते म्हणून फिरतो." ते खरंही होतं. मात्र फेरी ते शेवटच्या घरापासून सुरू करत आणि तिथली धार बघितल्याशिवाय हलत नसत, याचा हिशेब त्यांनी कोणाला दिला नाही.

रविवारी पहाटे त्यांना घरघर ऐकू आली. बारीक, दबलेली, उशीखाली ठेवल्यासारखी. त्यांनी शरच्चंद्रांच्या दाराला कान लावला, दत्तप्रसादच्या भिंतीला लावला, आणि आवाजाच्या मागे मागे आपल्याच न्हाणीघरात पोचले. जुनी मोटार गोधडीत गुंडाळलेली होती. शेजारी सुशीलाबाई.

"हे काय?"

"सगळ्यांच्या बंद आहेत ना? मग आपल्याला किती येईल, विचार करा. आणि लग्नघर आहे आपलं." त्या शांतपणे म्हणाल्या. "तुम्हीच म्हणता ना, आपल्या दाराचं बघावं?"

मुद्दा बद्रीनाथांचाच होता. त्यांनी मोटारीची पिन काढली. बाहेर गल्ली चिडीचूप होती. कोणाला काही कळलं नव्हतं, कळणारही नव्हतं. पहारेकरी तेच होते. ते फाटकाशी गेले, जरा घुटमळले, आणि ओरडले, "चहा आमच्याकडे!"

"कोणी लावली?" शरच्चंद्रांनी खिडकीतून विचारलं.

"मी," बद्रीनाथ म्हणाले. आत सुशीलाबाईंनी मोठं पातेलं काढलं आणि आलं नेहमीपेक्षा जास्तच किसलं.

ओट्यावर सगळे जमले असतानाच उत्तरेश्वरभाऊ प्रचाराला आले. त्यांनाही कप मिळाला. खुशीत येऊन ते म्हणाले, "काका, तुमच्या वेगळ्या जोडणीचं पक्कं बरं का."

सगळ्या माना बद्रीनाथांकडे वळल्या. बद्रीनाथांचे कान लाल झाले.

"म्हणजे मला सांगितलेली 'फक्त तुमच्यासाठी' ती वेगळी?" दत्तप्रसादने विचारलं.

शरच्चंद्र कपात बघत खाकरले. आणखी दोघे खाकरले.

"मला न्हाई बा सांगितलं कुनी," सुंदराबाई म्हणाल्या. "माजं येकच मत. त्येच्यासाठी कोन पाइप टाकतंय?"

हसण्याचा फवारा उडाला. भाऊ सावरून म्हणाले, "बरं, आता सगळ्यांसमोर सांगा काका. काय पाहिजे?"

बद्रीनाथांनी चहाचा शेवटचा घोट घेतला.

"आधी कप विसळा. आमच्याकडे पद्धत आहे. आणि इथे नाही, शेवटच्या घरच्या नळावर. तिथे उद्याही पाणी असेल असं करणार असाल, तर मग आमच्या मतांचं बोलू."

भाऊ रिकामा कप धरून गल्लीभर चालत गेले, मागे कार्यकर्ते, त्यांच्यामागे अख्खी गल्ली. सुंदराबाईंनी पुढे होऊन चावीला हात घातला. सगळे श्वास रोखून नळाकडे बघत होते. बद्रीनाथ मात्र सगळ्यांत मागे उभे होते, मान वळवून, एक कान स्वतःच्या न्हाणीघराकडे लावून.