सासूबाई, वाळूची पोती आणि मोटरबोट

वहिनींनी लावलेलं झाकण वहिनींशिवाय दुसऱ्या कोणी उघडून दाखवावं! ही उगाच फुशारकी नाही. त्यांच्या साखरेच्या डब्यात त्यांचं लग्न झाल्यापासून एकही मुंगी शिरलेली नव्हती. मुंगीचं काय घेऊन बसलात, सासूबाईंनाही शिरता आलेलं नव्हतं! सून घरात नसली की त्या बिनसाखरेचा चहा प्यायच्या आणि डॉक्टरांनीच सांगितलंय म्हणून मिरवायच्या.

झाकणांइतकाच वहिनींना दुरुस्तीचा नाद. मिक्सर, पंखा, शिलाईचं मशीन, शेजाऱ्यांची रडकी डोअरबेल, सगळं त्यांनी खोलून पुन्हा नांदतं केलं होतं. शिकवलं कोणी? कोणी नाही. ‘खोललं की कळतं’ एवढंच त्यांचं शास्त्र. म्हणून यजमानांनी जुनी मोटरबोट घ्यायचं काढलं, तेव्हा सगळं घर ‘नको’ म्हणत असताना वहिनी म्हणाल्या, “घ्या हो! इंजिन माझ्यावर सोडा.”

यजमानांना लहानपणापासून बोटीचं वेड. शिवाय निमित्तही सोज्वळ होतं. नणंद तलावापलीकडे राहायची. रस्त्याने जायचं तर टेकड्यांना वळसा घालत बसमध्ये हाडं खिळखिळी करून घ्यायची, आणि सासूबाईंचे गुडघे तर बसची पायरी बघूनच रुसायचे. बोटीने गेलं की लेकीचा धक्का समोरच! यजमानांनी आधी पांढरी टोपी घेतली, मग बोट. तेव्हापासून सगळे त्यांना कॅप्टन म्हणू लागले.

बोट घरची झाली त्याच दिवशी वहिनींनी तिला न्हाऊमाखू घातलं. फळ्या घासल्या, दोर गुंडाळले, सुटे स्क्रू आवळले. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावरचा बारका स्क्रूही सैल सापडला. “काय गबाळा माणूस हो हा आधीचा मालक! सगळं पेट्रोल उडून जाईल अशाने!” असं म्हणून त्यांनी तो पकडीने असा पिळला, की टाकीलाही कळलं आपण कोणाच्या घरात पडलोय ते.

पहिल्या सफरीला सासूबाई निघाल्या. बोट पाणी कापत ऐटीत चालली. कॅप्टनची मान इतकी ताठ, की टोपीलाच भोवळ यावी! आणि ऐन तलावाच्या मध्यावर इंजिन दोनदा खोकलं, एकदा शिंकलं आणि गप्प बसलं.

“पेट्रोल संपलं की काय?” म्हणत कॅप्टननी पकड लावून टाकी उघडली. ‘हुश्श’ असा आवाज झाला. टाकी तर भरलेली!

“अहो, सुस्कारे कसले टाकताय?” वहिनी प्लग काढत म्हणाल्या. “हा बघा, काजळी धरलीये नुसती!” त्यांनी प्लग पुसला, बसवला, टाकीचं झाकण शिस्तीत गच्च लावलं आणि दोरी ओढली. इंजिन चालू! ‘मेली पुन्हा बंद पडली तर?’ असं सासूबाईंनी लावून धरलं, म्हणून थोडं जाऊन त्यांनी बोट घरी वळवली. पण पाऊल धक्क्यावर ठेवलं ते विजयी वीरासारखं. “प्लग होता,” असं त्यांनी वाटेत भेटलेल्या पोस्टमनलासुद्धा सांगितलं.

पुढच्या सफरीला पुन्हा तेच. तीच जागा, तोच खोकला. कॅप्टननी टाकीत डोकावून पाहिलं, हुश्श! वहिनींनी फिल्टर धुतला, झाकण आवळलं, दोरी ओढली, इंजिन चालू! “फिल्टर होता!” आणि बोट पुन्हा घरी. त्यानंतरच्या खेपेला कार्बोरेटर होता. त्याच्या पुढच्या खेपेला नळी. एव्हाना इंजिनात मूळचं असं फार काही उरलं नव्हतं.

गंमत म्हणजे, धक्क्याजवळ चाचणीला चार फेऱ्या मारल्या की इंजिन पोपटासारखं बोलायचं. बंद पडायचं ते सासूबाई बसल्या की!

हे आधी कॅप्टनच्या लक्षात आलं. ते कुजबुजले, “अगं, आईच्या वजनाने तर होत नसेल?”

“हळू बोला!”

“बघायला काय हरकत आहे?” आणि त्या भल्या माणसाने सासूबाईंच्या जागी वाळूची दोन पोती ठेवून धक्क्याजवळ फेरी मारली. वारा फार म्हणून पोत्यांवर सासूबाईंचीच शाल टाकली. इंजिन एकदाही खोकलं नाही! सासूबाई नेमक्या गच्चीत उभ्या होत्या.

“म्हणजे पोती चालतात आणि मी चालत नाही?” घरी पोचताच तोफ सुटली. “नऊ महिने मी तुझं ओझं वाहिलं रे! बंद पडले होते का कधी?”

कॅप्टन टोपीत तोंड लपवून बसले.

तेवढ्यात नणंदेचा फोन. “दादा, पुरे झाली ती नाटकं! आमच्या शेजाऱ्यांना मासे धरायला होडी हवीये. या रविवारी धड आलात तर ठेव ती बोट. वल्ही मारत आलास, तर शेजारी धक्क्यावर उभेच असतील!”

कॅप्टन कधी नव्हे ते हळू आवाजात म्हणाले, “बरं.” ते ‘बरं’ वहिनींना ऐकवेना. त्यांनी फोन ओढून घेतला. “वन्सं, वेळेआधी येतो. आणि आई पुढच्या बाकावर बसतील, राणीसारख्या!”

मग आठवडाभर वहिनी आणि इंजिन! जेवताना, झोपताना डोक्यात फक्त इंजिन. एकदा तर आमटीत त्या चमच्याऐवजी पाना फिरवू लागल्या होत्या. शनिवारी सगळं चकाचक झालं. त्यांनी टाकी काठोकाठ भरली, जीव ओतून झाकण लावलं आणि फर्मान काढलं, “उद्या टाकीला कोणी हात लावायचा नाही! दर वेळी काय ते डोकावायचं? पेट्रोल मी माझ्या डोळ्यांनी भरलंय.”

रविवारी निघाले. वल्ही घरीच ठेवायला निघालेल्या वहिनींना सासूबाई म्हणाल्या, “असू दे गं, वाळत घालायला होतील.” तलावाचा मध्य आला. कॅप्टननी श्वास रोखला. इंजिन खोकलं. शिंकलं. गप्प.

वहिनींनी प्लग पुसला. दोरी ओढली. काही नाही. फिल्टर धुतला. काही नाही. या खेपेला तर इंजिन मुळी दादच देईना! समोरच्या धक्क्यावर नणंद दिसत होती आणि तिच्याशेजारी एक ढेरपोट्या गृहस्थ. कॅप्टननी टोपी काढली, घडी करून खिशात ठेवली आणि मुकाट्याने वल्ही उचलली. वहिनींना ते बघवेना.

“सूनबाई,” पुढच्या बाकावरून आवाज आला, “ही बाटली बघ गं. ओढून ओढून माझे गाल आत गेले, हिचेही गेले, पण पाणी येईना.”

वहिनींनीच भरलेली, नळीच्या झाकणाची पातळ बाटली ती. त्यांनी मागे न बघताच सांगितलं, “आई, झाकण जरा सैल करा. आत हवा गेल्याशिवाय पाणी कसं येईल बाहेर?”

एवढं बोलल्या आणि थिजल्या.

सावकाश मान वळवून त्यांनी टाकीकडे पाहिलं. प्लास्टिकच्या टाकीचे दोन्ही गाल आत गेले होते, हुबेहूब बाटलीसारखे! इंजिनाकडे पेट्रोल ढकलणारा नळीवरचा रबरी फुगा चपटा पडला होता. वहिनींनी पकड घेतली आणि झाकणावरचा तो बारका स्क्रू सैल केला.

हुश्श!

“अहो, सुस्कारा तुम्ही टाकलात?”

“छे! मी आज टाकीला हात तरी लावलाय का?”

वहिनींनी फुगा दाबून दाबून टणक केला आणि दोरी ओढली. इंजिन असं गरजलं, की सासूबाईंच्या हातातून बाटली पाण्यात! कॅप्टननी खिशातली टोपी काढून झटकली, घातली, आणि बोट थेट धक्क्याला लावली. ढेरपोटे गृहस्थ दोन पावलं मागे सरले.

“वहिनी, कमालच केलीस!” नणंद म्हणाली. “होतं तरी काय?”

“टाकीला श्वास मिळत नव्हता,” वहिनी छाती फुगवून म्हणाल्या. “हवेचा स्क्रू बंद होता. जवळच्या फेरीत भागायचं, लांब गेलं की अडायचं, आणि यांनी झाकण उघडलं की सुटायचं. सगळं मीच शोधून काढलं!”

“अगंबाई! आणि तो बंद कोणी केला होता?”

कॅप्टन तलाव बघू लागले. वहिनींनी पकड हळूच पदराआड घेतली.

“त्या आधीच्या मालकाने,” सासूबाई ठसक्यात म्हणाल्या. “मेला गबाळा!” मग सुनेच्या खांद्याचा आधार घेत धक्क्यावर उतरताना त्यांनी तिच्या कानात सांगितलं, “उद्यापासून साखरेचा डबा सैल.”

आता खरं सांगायचं तर बिघाड वहिनींचाच होता. पण शोधला कोणी? या एका मुद्द्यावर त्या आजही आळीभर ताठ मानेने फिरतात.

फक्त सोमवारी सकाळी जरा गोंधळ झाला. साखरेच्या डब्यात मुंग्यांची रांग लागली होती! वहिनींचा हात सवयीने झाकणाकडे गेला.

“राहू दे गं,” सासूबाई कपातली मुंगी बोटाने उचलून बाजूला ठेवत म्हणाल्या आणि गोड चहाचा लांब घुटका घेतला. “डबा गुदमरायचा!”